चिरंजीवांचा पहिला हंगाम

आयोवा, अमेरिका
आषाढी एकादशी, 6 जुलै 2025

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

दादा, फोनवर तू एकच विचारलंस, पोरगा यंदा खेळणार की नाही? असलं काही फोनवर धड सांगता येत नाही आणि अण्णांना तर निम्मं ऐकूच येत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. उत्तर आधी सांगून टाकतो. इथे कॉलेज कुस्ती खेळायची पात्रता मिळेल. पण या हंगामात कॉलेजच्या मुख्य संघातून तो मॅटवर दिसेल अशी आशा धरू नका. दिसला नाही तर त्यात त्याचंच भलं आहे.

पहिली गोष्ट वर्षांची. इथल्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या, कॉलेज कुस्तीत 2025 च्या नियमाप्रमाणे पाच वर्षं मिळतात आणि त्या पाचांत चार हंगाम खेळता येतात. ही पाच वर्षं पहिल्या कुस्तीपासून मोजत नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कॉलेजात बसला की त्या दिवसापासून मोजतात, आणि ते कॉलेज अमेरिकेतलंच असावं लागत नाही. व्हिसा नाकारला तर वर्ष वाया जायला नको म्हणून तू त्याला एफ.वाय.बी.कॉम.ला घालणार आहेस ना? फी भरून जागा धरून ठेव, हरकत नाही. पण तो वर्गात जायला लागला की घड्याळ तिथेच सुरू झालं. वर इथे तो नवा विद्यार्थी न राहता बदलून आलेला ठरतो आणि मग त्याला वेगळे नियम लागतात. व्हिसाचा निकाल लागेपर्यंत कॉलेजची पायरी चढू देऊ नका.

समजा व्हिसा अडकलाच, तरी धीर सोडू नका. बारावी झाल्यापासून एक वर्षाची सवलत असते. त्या वर्षात तालीम केली, स्पर्धा खेळला तरी हंगाम कापला जात नाही. वर्ष उलटल्यावर मात्र, कॉलेजात नाव न घालता स्पर्धा खेळत राहिला तर दर वर्षामागे एक हंगाम जातो. म्हणजे व्हिसा अडकला तर पर्याय एफ.वाय. नाही. घरी राहून कसून मेहनत करायची आणि जानेवारीत पुन्हा अर्ज करायचा.

आता नागपंचमी. 29 तारखेला आपल्याकडे फड भरणार आणि याला बोलावणं येणार, हे मला इथे बसून दिसतंय. खेळायला बंदी नाही. अडचण इनामाची आहे. यंदाच्या नियमाप्रमाणे कॉलेजात येण्याआधी जिंकलेलं बक्षीस त्या स्पर्धेच्या खऱ्या खर्चापुरतंच चालतं. प्रवास, राहणं, जेवण यापलीकडचे पैसे घेतले की तो पैशासाठी खेळणारा धरतात आणि चौकशी लागते. गदा, ढाल, फेटा यांचं काही नाही. गेल्या दोन वर्षांत यात्रांमधून जे काही रोख मिळालं ते पात्रतेच्या फॉर्मवर खरंखरं लिहा. हँडबिलावर छापलेली रक्कम आणि हातावर पडलेली रक्कम यांतला फरक इथल्या तपासणाऱ्याला कळत नाही, म्हणून यात्रा कमिटीकडून प्रत्यक्ष दिलेल्या रकमेची पावती सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा. लपवायचं म्हटलं तरी आता शक्य नाही. प्रत्येक कुस्ती यूट्यूबवर आहे आणि निवेदक इनामाचा आकडा माइकवरून ओरडून सांगतो! माझं मत विचारशील तर यंदा नागपंचमीला त्याने नारळ फोडावा आणि खाली उतरावं. निघायच्या तोंडावर गुडघा गेला तर कोण निस्तरणार?

कागदांचं बहुतेक जमलंय. इथे नववी ते बारावी ही चारही वर्षं तपासतात, आणि ती चार वर्षांत सलग झालेली असावी लागतात. त्याची तशी झालीत. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं वगैरे मिळून 16 विषय-वर्षं भरावी लागतात आणि त्यांची सरासरी इथल्या मापाने चारपैकी किमान 2.3 लागते. त्यातली तीन गणिताची असतात. वाणिज्य शाखेत त्याने गणित ठेवलं म्हणून वाचलो. कला शाखेत जाऊन गणित सोडलेल्या पोरांचा हिशेब इथेच फसतो, नववी-दहावीची दोन भरतात, तिसरं आणायचं कुठून? तालमीतल्या बाकीच्या पोरांच्या आईबापांना हे आत्ताच सांगून ठेव.

राहिलंय ते नववीचं. दहावी-बारावीची गुणपत्रिका नाशिक विभागीय मंडळाची आहे, तिची काळजी नाही. नववीचा निकाल मात्र शाळेचा, तोही मराठीत. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आणि ओळीला ओळ लावून केलेलं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही हवीत. बोर्ड आडनाव आधी छापतं, पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात जातं. सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच नाव टाका. अकरावी-बारावी इथे शाळेतच मोजतात, ती कॉलेजच्या रकान्यात भरू नका, नाहीतर दोन वर्षं आधीच संपलेली दिसतील. आणि व्हिसाच्या नव्या नियमाप्रमाणे त्याची इन्स्टाग्राम वगैरे खाती मुलाखतीआधी सगळ्यांना दिसतील अशी खुली करावी लागतात. खुली करण्याआधी वहिनींनी एकदा नजर टाकावी.

पात्रतेचं अंतिम प्रमाणपत्र यायला उशीर झाला तरी 45 दिवस सरावाला उभं राहता येतं. सामना मात्र खेळता येत नाही.

वजनाबद्दल त्याने मला कळवलंय की 65 किलो करून येतो. करू नको म्हणावं. इथले गट पौंडात आहेत: 125, 133, 141, 149, 157, 165, 174, 184, 197 आणि 285. कुठल्या गटात उतरायचं हे पोराच्या हौसेवर नसतं. 1997 च्या शेवटी वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले, तेव्हापासून नियम कडक झाले. हंगामाआधी वजन आणि चरबी मोजतात. त्याआधी लघवी तपासतात. तिचं विशिष्ट गुरुत्व 1.020 च्या वर गेलं, म्हणजे अंगात पाणी कमी आहे असं दिसलं, की त्या दिवशी वजनच करत नाहीत, 24 तास थांबायचं. मग शरीरात 5 टक्के चरबी राहील असं सर्वांत कमी वजन काढतात आणि त्याखाली जाता येत नाही. आता त्याचा हिशेब बघ. वजन 68 किलो, चरबी 9 टक्के. चरबी वजा केली की उरतात 61.9 किलो. त्याला 0.95 ने भागलं की 65.1 किलो, म्हणजे साधारण 143.6 पौंड. 141 चा गट बंद. राहिला 149 पौंडांचा, म्हणजे 67.6 किलोचा, आणि तो तर आत्ताच त्या वजनावर बसलाय. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवता येत नाही, त्याच्या बाबतीत जेमतेम एक किलो. प्लॅस्टिकचा सूट, वाफेची खोली, जुलाब, सलाइन सगळं बंद. दोन संघांच्या लढतीत वजन सामन्याच्या तासभर आधी होतं, त्यामुळे आदल्या रात्री सुकवून सकाळी भरून काढायचा आपला हिशेब इथे चालत नाही. अण्णांना सांगा, थंडाई-बदाम चालू ठेवा.

अंगावर नायटा असेल तर आत्ताच उपाय करा. पावसाळ्यात आखाड्यातून हमखास येतो. इथे प्रत्येक सामन्याआधी कातडी तपासतात. अंगावरच्या नायट्याला किमान 72 तास मलम लावून झालेलं असावं लागतं आणि डोक्यात असेल तर 14 दिवस पोटातून औषध. मेडिकलवाला देतो ती स्टिरॉइड मिसळलेली मलमं मुळीच लावू नका. चार दिवस लाली जाते आणि मग तो दुप्पट पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, चिठ्ठी जपा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही लागते. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या पट्ट्यात तो आजार असल्याने सरकारी दवाखान्यात तपासणी होते. रिपोर्ट इंग्रजीत मागा.

डब्यातल्या पावडरी आणू नये. सील फुटलेली तर नाहीच, आणि कुणी वस्तादाच्या ओळखीने दिलेली पुडीही नाही. ताकद वाढवणारं बंदीतलं काही सापडलं की 365 दिवस बाहेर आणि एक हंगाम कायमचा गेला. मोबाईलवरचं पैसे लावून क्रिकेटचा संघ बनवायचं ॲपसुद्धा इथे सट्ट्यात धरतात. त्याला हसू येईल, पण 2023 मध्ये या आयोवातच मोबाईलवरच्या सट्ट्यापायी पैलवानांसकट कितीतरी खेळाडू अडकले. विमानात बसायच्या आधी ॲप काढून टाकायला लाव.

आता कुस्तीचं बोलू. त्याचा पट (पाय धरून पाडायचा डाव) चांगला आहे, बगलडूब (काखेखालून मागे जायचं) त्याहून चांगली. उभ्या कुस्तीत तो इथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना भारी पडेल. खाली घेतलं की इथे तीन गुण, 2023-24 पासून दोनाचे तीन झालेत. पण आपली कुस्ती जिथे थांबते तिथून यांची सुरू होते. मॅटवर खाली गेल्यावर पंच उठवत नाही. वरचा दाबून ठेवतो, खालचा सुटायला बघतो, आणि ज्याने प्रतिस्पर्ध्यापेक्षा निव्वळ एक मिनिट जास्त ताबा ठेवला त्याला शेवटी एक गुण जादा मिळतो. पहिला डाव तीन मिनिटांचा, पुढचे दोन-दोन. दुसऱ्या-तिसऱ्या डावाची सुरुवात बहुधा एकाने हातागुडघ्यांवर बसून आणि दुसऱ्याने पाठीमागून कमरेला हात घालून होते. या बैठकीतून उठणं त्याला येत नाही, कारण त्याला ते कुणी शिकवलेलंच नाही. आपल्याकडे खाली पडला की पोटावर सपाट होऊन चिकटून राहायचं, पाठ लागू द्यायची नाही, एवढंच. इथे तसं पडून राहिला की संथपणाची ताकीद मिळते, वर ताब्याची मिनिटं विरोधकाच्या नावावर चढत जातात.

दुसरी खोड हातांची. वर असताना दोन्ही हातांची कडी घालून कमर आवळायची आणि भारंदाज डाव मारायचा ही त्याची सवय. इथे खालच्या गड्याच्या कमरेला कडी घातली की समोरच्याला एक गुण. सात मिनिटांत तीनदा विसरला तर एक पट फुकट गेला. पाठ मॅटकडे 45 अंशांच्या आत झुकवून धरली तर पंचाने दोन, तीन किंवा चार मोजले की तेवढेच गुण. पाठीवर नुसता फिरवून सोडला तर काही नाही. म्हणून सुरुवातीला त्याने ताब्याच्या फंदात पडूच नये. खाली घ्यावं तीन गुणांना, धरवत नसेल तर सोडून द्यावं, त्याला सुटकेचा एक मिळेल, आणि पुन्हा खाली घ्यावं. दर फेरीला दोन हातात उरतात.

निघेपर्यंत मातीतली मेहनत कमी करून मॅटवर एवढं एकच करायला लाव. जोडीदाराला पाठीवर घ्यायचं, त्याने पूर्ण वजन कमरेवर टाकायचं. याने आधी त्याचा पोटावरचा हात मनगटात धरून सोडवायचा, मग एक पाय पुढे टाकून पाठ ताठ ठेवून उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावरच वळायचं. वीस सेकंदांत सुटायचं, आठ वेळा, मध्ये तीस सेकंद दम. हात न सोडवता उठायला जाईल आणि पुन्हा खाली आपटेल, सगळे हेच करतात. डोकं खाली घातलं तरी तेच होतं.

संघात त्याची जागा कुठे? कोर्टातल्या नव्या समझोत्यानंतर संघाला 30 जणांची मर्यादा आहे, म्हणजे वजनाला सरासरी तीन. 149 ला एक चौथ्या वर्षाचा गडी पक्का आहे आणि त्याच्यामागे दुसरा. पहिल्या सामन्यापर्यंत किंवा 1 डिसेंबरपर्यंत, जे आधी येईल तोवर, यादी तिसावर आणावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याने आजारी पडू नये, पेपर बुडवू नये. पहिल्या वर्षाच्या पोराला हंगाम न गमावता सामन्यांच्या पाच तारखांपर्यंत खेळता येतं. आमचा विचार असा की त्या पाच तारखा डिसेंबर-जानेवारीत वापरायच्या आणि वर्ष राखायचं, याला इथे रेडशर्ट म्हणतात. मग 2026-27 ते 2029-30 असे चार हंगाम शाबूत राहतात. सहावी तारीख खेळला की हंगाम खर्ची पडला. प्रशिक्षकाला ऐन वेळी गडी कमी पडला तर तो विचारेल. पोराने हुरळून हो म्हणू नये, आधी मला फोन करावा.

मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेला प्रत्येक वजनात 33 जणच पोचतात आणि पहिल्या आठांत आला तर नाव होतं. 2011 ते 2025 मध्ये पेन स्टेट या एकाच विद्यापीठाने 12 विजेतेपदं नेलीत, यावरून पाणी किती खोल आहे ते समज. दुसऱ्या वर्षी जागेसाठी भांडेल, तिसऱ्या वर्षी मार्च गाठेल, असं मला वाटतं. त्याआधीचं काही बोललो तर तुझी समजूत घातल्यासारखं होईल.

अभ्यासाचं थोडक्यात. सत्राला 12 क्रेडिट (विषयांच्या तासांची एककं) चालू हवेत, दुसरं वर्ष लागण्याआधी 24 पूर्ण. खेळाचा वेळ आठवड्याला 20 तासांच्या वर नेता येत नाही, तेव्हा वेळ नव्हता ही सबब चालत नाही.

पैशाचं म्हणशील तर 1 जुलैपासून इथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, त्याच्या बातम्या तिकडे पोचल्या असतील. विद्यार्थी व्हिसावरच्या पोराने त्या वाटेला जाऊ नये, व्हिसाच जाईल. शिष्यवृत्ती घेता येते. फी आणि पुस्तकांवर कर नाही, पण राहण्या-जेवणाच्या भागावर 14 टक्के कापतात, तेवढी तजवीज ठेव.

नववीची प्रत, सिकलसेलचा रिपोर्ट आणि यात्रा कमिट्यांच्या पावत्या यांचे फोटो या आठवड्यात पाठव. फोटो सरळ वरून काढ, कडा कापू नकोस, मागची बाजूही हवी.

अण्णांना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा
नाना