आकाशवाणी टिपून ठेवण्याची नवी साधने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दूरदर्शनवरची किंवा खासगी वाहिनीवरची मालिका चुकली, तर ती मागाहून मोबाइलवर सापडते. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांचे तसे नाही. रात्रीची शास्त्रीय संगीताची मैफल, दुपारची श्रुतिका, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, एखाद्या जुन्या कलावंताची मुलाखत यांतले बहुतेक एकदा लागले की गेले. कॅसेटचा टेपरेकॉर्डर घराघरांतून हद्दपार झाला आणि टिपून ठेवण्याची सवयही त्याच्याबरोबर गेली. खरे तर हे काम आता पूर्वीपेक्षा सोपे आणि स्वस्त आहे. जिथे हमखास घोटाळा होतो त्या जागा तेवढ्या ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे हवेतून टिपण्याच्या मागे लागू नये. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर ही केंद्रे प्रसारभारतीच्या न्यूजऑनएअर या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर थेट ऐकू येतात. त्यात मध्यम लहरींची (मीडियम वेव्हची) खरखर नसते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये केंद्र सुरू करा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' या भागात शोधचौकटीत 'एम३यू८' (इंग्रजीत m3u8) टाइप करा. त्या केंद्राच्या प्रवाहाचा, म्हणजे इंटरनेटवरून सलग येणाऱ्या आवाजाचा, पत्ता दिसेल, तो कॉपी करून ठेवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'मीडिया' मेनूतील 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' इथे तो चिकटवला आणि आवाज आला, की पत्ता बरोबर. 'व्ह्यू' मेनूतून 'अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स' चालू केले की खाली ध्वनिमुद्रणाचे लाल बटण येते. समोर बसून टिपायचे असेल तर एवढे पुरे. हे पत्ते मधूनमधून बदलतात. नेहमीचे ध्वनिमुद्रण अचानक रिकामे येऊ लागले, तर आधी पत्ताच तपासावा.

आपण घरात नसताना टिपायचे असेल तर एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम वापरावा. त्याला चार गोष्टी सांगायच्या असतात: पत्ता, कालावधी सेकंदांत (अर्ध्या तासाला १८००), 'कॉपी' (आलेला आवाज जसाच्या तसा ठेव) हा पर्याय आणि फाइलचे नाव. यातला 'कॉपी' कधीही विसरू नये. प्रवाह आपल्याकडे येतो तो आधीच दाबून लहान केलेला असतो. 'कॉपी' न सांगता त्याची एमपी३ केली, तर तो दुसऱ्यांदा दाबला जातो. भाषणात हे फारसे जाणवत नाही, पण तानपुऱ्याची जवार (तारांचा घुमणारा नाद) आणि सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) पाण्यातून ऐकल्यासारख्या पुसट होतात. आणि जागा म्हणाल तर ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिटचा) प्रवाह तासाला जेमतेम २९ एमबी घेतो. वर्षभर रोज एक तास टिपला तरी साडेदहा जीबी होतात, १६ जीबीच्या मेमरी कार्डात मावतात.

फाइल थेट 'एम४ए' प्रकारात टिपू नये. या प्रकारात आतली अनुक्रमणिका ध्वनिमुद्रण संपताना, अगदी शेवटी लिहिली जाते. पंचावन्नाव्या मिनिटाला वीज गेली, तर आधीची चोपन्न मिनिटेही उघडत नाहीत. 'एमकेए' किंवा 'टीएस' प्रकारात जेवढे टिपले गेले तेवढे हाती राहते. मोबाइलवर ऐकण्यासाठी त्याची 'एम४ए' नंतर करता येते. तिथेही 'कॉपी' वापरले की दर्जा तसाच राहतो आणि काम काही सेकंदांत होते.

इंटरनेट मध्येच तुटले तर एफएफएमपेग बरेचदा थांबतो आणि आपणहून पुन्हा सुरू होत नाही. म्हणून त्याला एका छोट्या स्क्रिप्टमधून (संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलमधून) चालवावे. ठरलेली वेळ संपेपर्यंत तो बंद पडला की पुन्हा सुरू करायचा, एवढेच त्या स्क्रिप्टचे काम. प्रत्येक तुकड्याच्या नावात तास, मिनिट आणि सेकंद घालावे. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर हा प्रोग्रॅम 'पुसून लिहू का' असे विचारतो आणि उत्तर द्यायला कोणी नसल्याने तिथेच थांबतो. इंटरनेटवरचा आवाज हवेतल्या प्रसारणाच्या थोडा मागे असतो, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. शिवाय क्रिकेटचे समालोचन लांबले की पुढचे सगळे सरकते. त्यामुळे दोन मिनिटे आधी सुरू करून दहा मिनिटे उशिरा थांबवावे.

विंडोजवर वेळ लावण्यासाठी 'टास्क शेड्युलर' आहे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला नसेल तर ठरवलेले काम सुरूच होत नाही आणि मध्येच चार्जर काढला तर थांबते, अशी त्याची मूळ मांडणी असते. 'कंडिशन्स' या पानावरच्या त्या दोन खुणा काढाव्यात आणि संगणकाला जागे करण्याची खूण लावावी. त्याने झोपलेला संगणक जागा होतो. पूर्ण बंद केलेला होत नाही. लिनक्सवर हेच काम क्रॉन हा प्रोग्रॅम करतो. तिथे फाइलच्या नावात तारीख घालताना टक्क्याचे चिन्ह येते, आणि क्रॉन त्या चिन्हापाशी ओळ तोडतो. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही तर काहीच टिपले जात नाही, आणि का ते कळतही नाही.

सतत चालू ठेवायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक उत्तम. वीज नावापुरती खातो. मात्र बॅटरीवर चालणारे घड्याळ त्याला सहसा जोडलेले नसते. वीज येऊन तो सुरू झाला तरी इंटरनेट मिळेपर्यंत त्याची वेळ चुकीची असते. रास्पबेरी पाय आणि वायफायचा राउटर दोन्ही एकाच लहान यूपीएसवर ठेवले की ही अडचण सुटते. अमेरिकेत किंवा युरोपात राहून पुणे केंद्र टिपणाऱ्या मराठी मंडळींनी त्या संगणकाचे घड्याळ सरळ भारतीय वेळेवर ठेवावे. तिथली घड्याळे वर्षातून दोनदा तासाने सरकतात, आकाशवाणीची वेळ सरकत नाही.

मोबाइलमधल्या एफएमवर फार विसंबू नये. फोनमध्ये एफएम चालू ठेवावे, असे केंद्र सरकारने २०२३ साली उत्पादकांना कळवले होते. काही फोनांत ध्वनिमुद्रणाचे बटणही असते. पण इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना, ती लावावीच लागते. मध्यम लहरी फोन पकडतच नाही, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र त्यावर मिळणार नाही. त्यातून बॅटरी वाचवण्याची व्यवस्था पडदा बंद असताना अ‍ॅप मारून टाकते.

इंटरनेट अगदीच कमजोर असेल तरच रेडिओ आणि संगणक वायरने जोडावे. लॅपटॉपच्या एकाच भोकात इयरफोन आणि माइक दोन्ही असतात. रेडिओची साधी तीन कड्यांची पिन तिथे चालत नाही. यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. रेडिओचा आवाज कमी ठेवून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममधली आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी मोठ्यात मोठ्या आवाजालाही उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे. आवाज एकदा फाटला की नंतर दुरुस्त होत नाही. मागे सलग घुमणारा आवाज येत असेल तर रेडिओ सेलवर चालवावा. मध्यम लहरींवर चार्जर आणि एलईडी दिवे फार त्रास देतात, म्हणून ते बंद करावेत आणि सेट आडवा फिरवून पाहावा. आतली, अँटेनाचे काम करणारी फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात आली की आवाज सर्वांत स्वच्छ लागतो.

घरी टिपणे गुन्हा तर नाही ना, अशी शंका अनेकांना असते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ नुसार, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी प्रसारण ध्वनिमुद्रित केल्याने प्रसारण-हक्काचा भंग होत नाही. ती फाइल यूट्यूबवर चढवणे किंवा गटागटांत वाटणे ही वेगळी गोष्ट, ते करू नये.

आता आपल्याकडे एक विनंती. या सगळ्या साधनांना कार्यक्रमाची वेळ आधी सांगावी लागते, आणि ती वेळच आपल्याला आधी कळत नाही. पूर्वी दैनिकांत आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे सदर येत असे. ते पुन्हा सुरू करावे. रोज जागा देणे अवघड असेल तर रविवारी पुढच्या आठवड्याची यादी द्यावी. केंद्र, सुरू होण्याची वेळ, कालावधी आणि कलावंताचे नाव. मैफलीसाठी राग आणि साथीदारही छापलेत तर फार बरे, कारण निवेदन ऐकायचे राहिले तर फाइलवर नाव काय घालावे हेच समजत नाही.

आपला नम्र,
आकाशवाणीचा एक श्रोता, पुणे