वर काय टाकलंय, ते सांगते

सोलापूर

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

शेतातली खोली राहण्याजोगी झाली. दादानं तुम्हाला मोबाइलवर फोटो दाखवले, ते कळलं. आई, तू विचारलंस, "आत गार असतं का गं?" बाबा, तुम्ही एवढंच विचारलंत, "वर काय टाकलंयस?" आणि फोन दादाकडे दिलात. दोघांच्या प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगून होणारं नाही. म्हणून सवडीनं लिहायला बसले.

बाबा, तुमचा प्रश्न कुठून आला ते मला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, आपण सगळे अंगणात पळालो होतो. नंतर तुम्ही गिरणीतल्या लोकांबरोबर सास्तूरला मदतीला गेलात. परत आल्यावर आठवडाभर कुणाशी बोलला नाहीत, आणि दिवाळीनंतर गावाकडच्या घराचं माळवद, ते मातीचं छत, स्वतःच्या हातानं उतरवायला घेतलंत. खाली मातीचा ढीग वाढत होता आणि आई भिंतीला टेकून रडत होती. तेव्हा मला वाटायचं, दोघांतलं एक कुणीतरी चुकतंय. आता ही खोली बांधून झाल्यावर सांगते, कुणीच चुकत नव्हतं.

माळवद गार असायचं ते मातीच्या जाडीमुळे. दर उन्हाळ्यात गळती थांबवायला वर नवी पांढरी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही, आणि थर वाढत जायचा. मी हिशेब केला. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड एवढ्या दाबलेल्या मातीचं वजन साधारण ४५ किलो भरतं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर फूटभर माती असली तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साडेपाच टन, आणि किल्लारीकडे कित्येक घरांवर थर त्याहून जाड होते. त्याखाली दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर, आणि दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नाही. जमीन हलली की भिंत उभी फाटायची आणि छत खाली यायचं. तो सगळा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता, त्यामुळे बांधताना कुणाच्या मनात ही शंकाही आली नसेल. विसर्जनाची रात्र उलटली आणि जवळजवळ दहा हजार माणसं झोपेतच गेली. बाबा, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत.

मग आपण स्लॅब टाकला. तो पडणार नाही याची खात्री होती, पण सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी निवत नाही. आई, गेली कितीतरी वर्षं तू उन्हाळ्यात रात्री फरशीवर पाणी शिंपडून पडायचीस. पंखा गरमच वारा फेकायचा. मला तुमच्या दोघांच्या मनातलं एकत्र करायचं होतं: डोक्यावर ओझं नको, आणि रात्री झोप लागली पाहिजे.

एकटीनं बांधायचं का ठरवलं, हे दादा अजून विचारतो. गवंडी मिळत नव्हता असं नाही, पैशांचीही तेवढी अडचण नव्हती. पण ज्या भिंतीच्या आत तुम्हाला झोपवायचं, तिच्यात कुठं काय घातलंय हे मला स्वतःला माहीत असावं, असं वाटत होतं. आणि करता करता एक गोष्ट उलगडली, ती तुम्हाला सांगायलाच हे पत्र. एकट्या माणसाला उचलता येईल तेवढंच वापरायचं म्हटलं की घर आपोआप हलकं होत जातं. मला जे जे झेपत नव्हतं, ते ते डोक्यावर चढलंच नाही.

जागा लिंबाजवळची, बांधालगतची निवडली. खालच्या काळ्या रानात बांधणं शक्यच नव्हतं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत सोबत ओढते. लिंबाजवळ हातभर खाली मुरूम लागतो. घट्ट मुरूम लागेपर्यंत चर खणला आणि आपल्याच बांधावरच्या काळ्या दगडांनी भरला. पहारीनं हलेल आणि दोन हातांत मावेल एवढाच दगड घ्यायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. आई, तुला सापांची काळजी. दगडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ठोकायचं आणि पायात गमबूट, हे कधी चुकवलं नाही. घोणस दिसली एकदा. तिला तिच्या वाटेनं जाऊ दिलं.

आखणी करताना तुमची पेटी उघडली, बाबा. ओळंबा, गुण्या, तो लाल दोऱ्याचा गुंडा, सगळं तेल लावून ठेवल्यासारखं होतं. कोपरा काटकोनात आणायला दोरीवर ६, ८ आणि १० फुटांच्या खुणा करून त्रिकोण बसवला, मग कर्ण मापून ताळा घेतला. पातळी काढायला एरवी दोन माणसं लागतात, नळीच्या दोन टोकांना दोघं. मी मधोमध ड्रमावर पाण्याची बादली ठेवली, नळीचं एक टोक त्यात बुडवलं आणि दुसरं हातात घेऊन चारही कोपरे फिरले. बादलीतलं पाणी जागचं हलत नाही, त्यामुळे चारही खुणा बरोबर एका पातळीत येतात. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, "काय करलालाव ओ ताई, एकटीच?" त्यांना बादलीचं दाखवलं की ते गाडी लावून बघत उभे राहायचे.

भिंतींचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मला सर्वांत आनंद त्यातच मिळाला. वीट एका हातात मावते आणि दुसरा हात थापीला मोकळा राहतो, म्हणून एकट्यानं बांधायला विटेसारखं दुसरं काही नाही. पण नेहमीसारख्या आडव्या विटा मी लावल्या नाहीत. त्या कडेवर उभ्या करून लावल्या, दोन बाजूंना दोन आणि मध्ये पोकळी सोडून. भिंत नऊ इंचीच होते, पण आतून तीन इंच हवा. या पद्धतीला 'रॅट ट्रॅप बॉन्ड' म्हणतात. लॉरी बेकर नावाच्या वास्तुविशारदानं ती केरळात रुजवली. विटा जवळपास पाव हिश्शानं वाचतात, मालही कमी लागतो, आणि बाहेरचं ऊन आत यायला त्या पोकळीमुळे वेळ लागतो. बाबा, चारही कोपऱ्यांतल्या पोकळ्यांमध्ये पायापासून वरपर्यंत सळ्या उभ्या आहेत आणि तेवढ्या पोकळ्या काँक्रीटनं भरल्या आहेत. जोत्याला एक, दारं-खिडक्यांच्या वर एक आणि छताखाली एक, असे काँक्रीटचे तीन पट्टे भिंतींना चहूबाजूंनी फिरवलेत. जमीन हलली तरी चार भिंती चार दिशांना सुटू नयेत, म्हणून हे पट्टे. दार-खिडक्यांवरचा पट्टा मधे न थांबता ओतायचा असतो. पण एवढ्याशा खोलीच्या तीन इंची पट्ट्याला माल तो किती, दोन पोती सिमेंटचा. सकाळी सुरुवात करून घमेल्या-घमेल्यानं दुपारपर्यंत झाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आणि हातांना संध्याकाळी पोळी मोडवत नव्हती. पण आई, असं गाढ झोपणं लहानपणानंतर पहिल्यांदाच वाट्याला आलं.

विटा रात्रभर भिजवायच्या, एका दिवसात तीन फुटांच्या वर भिंत न्यायची नाही, रोज दोन्ही वेळा पाणी मारायचं. एकटीच्या हातानं काम हळू होत होतं, त्यामुळे भिंतीला पक्कं व्हायला हवा तेवढा वेळ आपोआप मिळत गेला.

आता वर काय टाकलंय.

पत्रे आहेत, बाबा. खाली लोखंडी चौकोनी पाइप. एकही वेल्डिंग नाही, सगळं नट-बोल्टनं, तुमच्या पान्यांनी आवळलेलं. एक पाइप एकटीनं खांद्यावर नेता येतो. पत्रा मात्र वारा असला की हातात राहत नाही, म्हणून पत्रे पहाटेच चढवले. भिंतीला दोन लांब बांबू तिरके टेकवायचे, त्यांच्यावर पत्रा ठेवायचा, दोरी बांधायची आणि वर मचाणावर उभं राहून ओढायचा. बांबूवरून तो सरळ वर येतो. पाइप छताखालच्या पट्ट्यात ओतलेल्या बोल्टांना जखडलेत, कारण वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडे पत्रे कसे उडतात ते सगळ्यांना माहीत आहे. यंदाचे वळीव झाले, पावसाळाही झाला. एक बोल्ट ढिला नाही.

पत्र्याला वरून पांढरा रंग दिलाय, ऊन परतवायला. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे ताणलेत. ती वीतभर पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवली आहे, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते. आणि आई, त्या तट्ट्यांवर वरून माती आहे. गावाकडच्या पांढऱ्या ढिगातलीच, भुसा आणि शेण घालून तुडवलेली, फक्त अर्ध्या इंचाचा लेप. पत्रे, पाइप, तट्टे, माती सगळं धरून पाच क्विंटलच्या आत. साडेपाच टनांच्या जागी.

खरं सांगते, आई. भर दुपारी माळवदाखाली जो गारवा असायचा, तो इथे नाही. तो जाड मातीचाच गुण होता. पण ही खोली दिवेलागणीनंतर लगेच निवायला लागते. पश्चिमेला खिडकी ठेवलेलीच नाही, तिकडे लिंब उभा आहे. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या आणि छतालगत झरोके. मे महिन्यात पहाटे मी पंखा बंद करून पांघरूण ओढत होते. तुझी ती हिरवी सोलापुरी चादर इकडेच आणली आहे.

खाली शहाबादी फरशी, दीड बाय दीडच्या, मला एकेक उचलता याव्यात म्हणून. दाराला पायरी नाही, उतार केलाय. बाबा, तुमच्या गुडघ्याला जिना-पायरी इथे कुठेच लागणार नाही. ओटाही दीड फुटाचा ठेवलाय, बसताना-उठताना पाय पूर्ण वाकवावा लागत नाही. संडास-बाथरूम मागे लागूनच आहे, संडास दोन खड्ड्यांचा, आत कमोड बसवलाय. वीज तेवढी वायरमनकडून करून घेतली, तिथं मी हात घातला नाही. खर्चाचा हिशेब दादाला वेगळा पाठवते, तो बघू दे.

"एकटीला काही झालं असतं तर?" हे आईनं वहिनीजवळ बोललेलं माझ्यापर्यंत आलं. उंचावर चढायच्या दिवशी शेजारच्या वस्तीवर सांगून ठेवायचे आणि उतरले की हाक मारायचे. संध्याकाळी त्यांचा मुलगा स्वतःच येऊन बघून जायचा. माणसं चांगली आहेत. त्यांच्याकडे कानडी बोलतात, मलाही आता थोडं थोडं कळतं. तुम्ही आल्यावर आईला गप्पांना सोबत आहे.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेल. पुण्याला गेल्यापासून तुम्ही नंदीध्वजांची मिरवणूक पाहिलेली नाही. यंदा अक्षता सोहळ्याला या. थंडीचे दिवस आहेत, ज्वारीला हुरडा लागलेला असेल. जागा आवडली तर उन्हाळ्यापर्यंत राहा, नाही आवडली तर आठ दिवसांनी मी स्वतः पोहोचवते. पण एक रात्र त्या छताखाली झोपून बघा, बाबा. झोपण्याआधी टॉर्च घेऊन सगळे बोल्ट तपासा. पेटी दाराजवळच ठेवली आहे, एखादा सैल वाटला तर तुमच्या हातानं आवळा.

कमोडशेजारचा धरायचा दांडा अजून लावलेला नाही. किती उंचीवर तो तुमच्या हाताला नीट येतो, ते तुम्ही बसून सांगितल्यावरच भिंतीला भोक पाडीन. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढायला दादाला सांगा, गाडी रात्री पोहोचते, मी रिक्षा ठरवून स्टेशनवर थांबेन. आईची गुडघ्याची पट्टी आणि बाबांच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन या. वळसंगच्या अलीकडे औषधाचं दुकान नाही.

तुमची,
धाकटी