एकाच मैदानात सगळे खेळ बसवण्यापूर्वी

महोदय,

नवे स्टेडियम बांधायचे ठरले की ‘एकाच मैदानात सगळे खेळ बसवू, खर्च वाचेल’ हा मुद्दा हमखास पुढे येतो. व्यावसायिक फुटबॉलपुरते बोलायचे तर सगळे काही जोडीला कोणता खेळ येतो यावर ठरते. रग्बीसारखा आयताकृती मैदानाचा खेळ असेल तर बऱ्यापैकी जमते. ॲथलेटिक्स किंवा क्रिकेट असेल तर बहुतेक वेळा जमत नाही, आणि याचे कारण शुद्ध भूमितीत आहे.

ट्रॅकचेच बघा. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. म्हणजे आतली जागा ७३ मीटर रुंद. तिच्यात १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉल मैदान आखले की दोन्ही लांब बाजूंना अडीच-अडीच मीटर उरतात. टोकांना मात्र मैदान वळणात दहा मीटरहून अधिक घुसते आणि कॉर्नरचा झेंडा ट्रॅकच्या आतल्या कडेपासून जेमतेम एक मीटरवर येतो. कॉर्नर घेणारा खेळाडू चार-पाच पावले मागून धावत येतो. ती पावले सिंथेटिक ट्रॅकवर पडतात आणि ऐन किकच्या वेळी पायाखालचा पृष्ठभाग बदलतो. म्हणून कोपऱ्यांत ट्रॅकवर कृत्रिम हिरवळीचे तुकडे अंथरावे लागतात. तुकडा नीट ताणून बसवला नाही, त्याची कड जराशी वर राहिली, की घोटा मुरगळलाच म्हणून समजा.

गोलमागच्या प्रेक्षकाची अवस्था याहून वाईट. गोलरेषेपासून वळणाची आतली कड २६ मीटरवर असते. पुढे १.२२ मीटरच्या आठ लेन, म्हणजे आणखी पावणेदहा मीटर. पहिली रांगच साधारण ३७ मीटरवर जाते. फुटबॉल जेमतेम २२ सेंटीमीटर व्यासाचा असल्याने प्रेक्षकापासून मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर १५० मीटरच्या आत असावे आणि १९० मीटरपलीकडे तर जाऊच नये, असा स्टेडियम आखणाऱ्यांचा संकेत आहे. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाचेच ते अंतर १४६ मीटर भरते. आणखी पाच रांगा चढल्या की १५० संपले. व्यावसायिक क्लबचे सर्वांत हौशी, गळा फाडून ओरडणारे समर्थक बसतात ते नेमके याच टोकाला.

‘मग खुर्च्या पुढे सरकवू’ असे लगेच सुचवले जाते. नुसते सरकवून भागत नाही. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून किती उंचीने जाते, त्याला सी व्हॅल्यू म्हणतात. ९० मिलिमीटर असेल तर चांगले, ६० ही तडजोड. समजा पायरी २० सेंटीमीटर उंच आणि ८० सेंटीमीटर खोल आहे, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचे डोळे मैदानापासून दोन मीटर उंचीवर आहेत. मागच्या प्रेक्षकापासून बाजूरेषा २१ मीटरवर असेल तर सी व्हॅल्यू ११६ मिलिमीटर येते. उत्तम. आता हाच स्टँड जसाच्या तसा १२ मीटर पुढे ढकला. सी व्हॅल्यू जवळपास शून्य होते. पुढच्याचे डोके बरोबर बाजूरेषेच्या आड येते आणि जवळच्या विंगवरचा खेळ दिसत नाही. हे टाळायला पायरी ३३ सेंटीमीटरच्या आसपास न्यावी लागते, नाहीतर स्टँडची पुढची कड खाली घ्यावी लागते. दोन्ही कामे पाया घालण्यापूर्वी नकाशावर व्हायची असतात.

मँचेस्टरमध्ये ती वेळेवर झाली. २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये फुटबॉल क्लब येणार हे आधीच ठरले होते. स्पर्धा संपताच ट्रॅक काढला, मैदान कित्येक मीटर खोल खणले, त्या खोलीत आसनांचा नवा खालचा मजला बांधला आणि २००३मध्ये क्लब राहायला आला. ट्रॅक कायमचा गेला, म्हणूनच ते जमले. लंडनच्या २०१२ ऑलिंपिक स्टेडियमचा मूळ आराखडा वेगळ्या वापराचा होता, फुटबॉलची जुळणी नंतर झाली. ट्रॅकही ठेवायचा होता. त्यामुळे खालच्या मजल्यावरची आसने हलवण्यावर दरवर्षी लाखो पौंड जाऊ लागले. तुरीनमध्ये १९९०च्या विश्वचषकासाठी ट्रॅकसह बांधलेले देल्ले आल्पी तर पाडावेच लागले. त्याच जागी २०११मध्ये तिथल्या फुटबॉल क्लबने मुद्दाम लहान, पण मैदानाला खेटून असलेले स्टेडियम उभारले. पॅरिसच्या स्ताद द फ्रान्समध्ये खालचा २५ हजार आसनांचा मजला १५ मीटर मागे घेण्याची सोय मुळातच आहे. तिथे ही कसरत निभते, कारण यंत्रणा पहिल्या दिवसापासून आराखड्यात होती.

क्रिकेटची अडचण मैदानाच्या मधोमध असते. सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ५९ मीटरवर हवी, त्यामुळे लांब बाजूंचा फुटबॉल प्रेक्षक बाजूरेषेपासून २५ मीटर आणि त्याहूनही दूर पडतो. त्याहून त्रासदायक आहे ती माती. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची, रोलर फिरवून दगडासारखी केलेली. फुटबॉलला हवा तीसेक सेंटीमीटर वाळूप्रधान थर, खाली खडी आणि निचऱ्याचे पाइप. एक माती पाणी धरून ठेवायला, दुसरी ते सोडून द्यायला. चिकणमातीवर गवताच्या लाद्या टाकून मधला भाग हिरवा करता येतो, पण बुटांच्या तळाचे खिळे (स्टड) खोल रुतत नाहीत, चेंडू जास्त उसळतो आणि पाऊस झाला की नेमके मध्यवर्तुळात पाणी साचते. शिवाय हंगाम संपल्यावर खेळपट्टी पुन्हा तयार करायला लागतो तो वेळ फुटबॉलच्या वेळापत्रकातूनच कापला जातो. यावर खरा इलाज एकच, ड्रॉप-इन खेळपट्टी. बाहेर ट्रेमध्ये वाढवायची, हंगामापुरती आणून बसवायची आणि उचलून न्यायची. मेलबर्नच्या मैदानावर ही पद्धत रुळलेली आहे. तिच्यासाठी अवजड वाहन मैदानात येण्याची वाट आणि ट्रे ठेवायला उघडी, उन्हाची जागा मात्र लागते.

रग्बीची लांबी-रुंदी जवळपास जुळते. त्रास होतो तो गवताला. स्क्रममध्ये सोळा जण एकाच जागी रेटतात आणि हिरवळ मुळासकट उपटली जाते. हायब्रिड मैदानात वीसेक सेंटीमीटर खोलपर्यंत कृत्रिम धागे शिवलेले असतात. गवताची मुळे त्यांना गुंडाळून धरतात, म्हणून ते बरेच टिकते. गवताची उंचीही सांभाळावी लागते. व्यावसायिक फुटबॉलला साधारण २५ ते ३० मिलिमीटर, रग्बीला त्याहून जास्त. लागोपाठच्या दिवशी दोन्ही सामने ठेवून एका झटक्यात गवत खाली आणले तर ते पिवळे पडते. आदल्या सामन्याच्या पुसट रेषा राहिल्या तर ऑफसाइड पाहणाऱ्या सहायक पंचाचीही फसगत होते.

मैफली आणि सभा हा आणखी एक ‘खेळ’ समजूनच हिशेब करावा. प्लास्टिकच्या लाद्यांखाली गवत चार-पाच दिवसांत पिवळे पडते आणि रंगमंचाच्या ट्रकांनी वाळूचा थर दाबून निचरा बंद होतो. जर्मनीत गेल्झेनकिर्शेनच्या स्टेडियममध्ये सुमारे ११ हजार टनांचे अख्खे मैदानच उन्हात बाहेर सरकवतात. लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या स्टेडियमचे गवत तीन भागांत स्टँडखाली आत जाते आणि खाली अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम मैदान उघडे पडते. एवढी गुंतवणूक जमणार नसेल तर कार्यक्रम मोजकेच ठेवणे हाच मार्ग. उन्हाळी सुटीत खराब गवत बदलायचे तर पातळ लाद्यांना मूळ धरायला काही आठवडे द्यावे लागतात. जाड, सुमारे चार सेंटीमीटरच्या पट्ट्या आपल्या वजनानेच बसतात आणि काही दिवसांत खेळता येते, पण त्या महाग.

म्हणून ज्यांना स्टेडियम वाटून घ्यायचेच आहे, त्यांनी करारात तीन गोष्टी आकड्यांनी लिहून घ्याव्यात. वर्षातून किती दिवस मैदान झाकले जाईल, एका कार्यक्रमानंतर पुढच्या सामन्यापर्यंत किमान किती दिवस मोकळे राहतील आणि आसने व मैदान हलवण्याचा खर्च कोण भरेल. मैदानाची निगा राखणाऱ्या प्रमुखाला तारीख नाकारण्याचा अधिकारही द्यावा. आणि ट्रॅक हवाच असेल तर तो शेजारच्या जागेत, छोट्या स्टँडसह वेगळा बांधावा. तिथे धावपटूंना वर्षभर सराव करता येईल, हातोडाफेकीच्या ७.२६ किलोच्या गोळ्याने पेनल्टी क्षेत्रात खड्डे पडणार नाहीत आणि गोलमागचा प्रेक्षक गोलजवळ बसेल.

आपला,
क्रीडांगण बांधणी व देखभाल क्षेत्रातील एक वाचक