सॉफ्टवेअर घ्या, पण आधी रुग्णाला नीट विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निदानाला संगणकाची मदत घेतली की रुग्णालयाचा खर्च कमी होतो, असे हल्ली डॉक्टरांच्या परिषदांतून फार ऐकू येते. जनरल सर्जन म्हणून माझे आयुष्य पोटदुखीच्या रुग्णांत गेले, म्हणून एका जुन्या प्रयोगाची आठवण द्यावीशी वाटते.

इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांचे निदान संगणकाकडून करून पाहिले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संगणकाचे ९१.८ टक्के निदान बरोबर आले, तिथल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. पुढे आठ केंद्रांत १६,७३७ रुग्णांच्या अभ्यासात ही पद्धत येण्याआधीचे आणि नंतरचे निदान ताडून पाहिले गेले. १९८६ च्या अहवालानुसार पहिल्या तपासणीतले अचूक निदान ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेले. पोट उघडले आणि आत काहीच सापडले नाही, अशा शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्यावर आल्या. एकूण २७८ शस्त्रक्रिया आणि खाटेवरच्या ८,५१६ रात्री वाचल्या, असा हिशेब त्यांनी मांडला.

हे साधले कशाने? संगणकाला माहिती द्यायची म्हणून प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला एक छापील तक्ता भरावा लागे. कळ कुठे सुरू झाली, आता कुठे आहे, कशाने वाढते, उलटी झाली का, पोट दाबून हात सोडल्यावर दुखते का. नुसता हा तक्ता नीट भरला तरी निदान सुधारते, हेही पुढे दिसून आले. आपल्याकडचा रुग्ण हे सगळे सांगतो, त्याला विचारायला मात्र हवे. ‘आधी बेंबीपाशी दुखत होतं, रात्री उजवीकडं खाली उतरलं, येताना गतिरोधकावर जीप आदळली तेव्हा जीव गेला,’ एवढे ऐकले की अपेंडिक्सच्या सुजेचे अर्धे निदान झाले.

परवा जवळच्या वस्तीवरचे एक शेतमजूर मुलीची फाइल घेऊन आले. दोन सोनोग्राफी, एक सीटी, रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा, तीन दिवसांचे खोलीभाडे. आणि तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द, ‘पोटदुखी’. अशा फाइलवर कितीही हुशार सॉफ्टवेअर चालवा, ते आणखी दोन तपासण्याच सुचवील. त्या तपासण्यांचे पैसे त्या माणसाने उसनवारीने आणले होते.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत वाचलेली खाट दुसऱ्या रुग्णाला मिळे. आपल्या खासगी रुग्णालयात वाचलेली रात्र म्हणजे बुडालेले उत्पन्न. तिथे सॉफ्टवेअर कोणासाठी बचत करणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराची रक्कम ठरलेली असते, म्हणून निदान प्रथमच अचूक झाले तर रुग्णालयाचाही फायदा. या प्रयोगाची सुरुवात तिथून आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून व्हावी.

आरोग्य खात्याने खरेदीआधी तीन अटी घालाव्यात. मराठी तक्ता भरल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नये आणि त्याची प्रत रुग्णाच्या फाइलीत लागावी. सुचवलेल्या प्रत्येक तपासणीपुढे कारण लिहिलेले असावे. आणि आधीच्या ज्या रुग्णांच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर निदान सुचवते, ते आकडे आपल्या रुग्णांचे असावेत. आतड्याचा क्षयरोग, टायफॉइडने पडलेले आतड्याचे छिद्र, यकृतातला अमिबाचा गळू, यांचे आपल्याकडचे प्रमाण लीड्सच्या आकडेवारीत कुठून सापडणार?

अपेंडिक्स काढल्यावर ते निरोगी निघाले, असे वर्षात किती वेळा घडले, हे या योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाला जाहीर करायला लावावे. पॅथॉलॉजीच्या अहवालांत ही माहिती असतेच.

आपला,
एक निवृत्त सर्जन, कराड