पतपेढीच्या अहवालातली थकबाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात सहकाराचा विषय निघाला की १८८९ सालाचा उल्लेख हमखास होतो. सयाजीरावांच्या राज्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली, ती पतसंस्थांचा १९०४ चा कायदा येण्याच्या १५ वर्षे आधी. याचा अभिमान हवाच. पण पुढे बँक झालेल्या याच संस्थेचा परवाना रिझर्व्ह बँकेला रद्द करावा लागला, हा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. आजच्या सभासदाला तोच ऐकायला हवा.

सुरुवातीच्या मंडळ्या आपापल्या समाजापुरत्या होत्या. कर्जदार आणि जामीनदार दोघेही ओळखीचे, त्यामुळे हप्ता चुकला की घरी निरोप जाई. सभासद वाढले की ही ओळख विरळ होते आणि तिची जागा कागदाने घ्यावी लागते. घोटाळा होतो तो तिथेच.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे कर्जाचे नवे-जुने. समजा, १२ टक्क्यांनी दिलेले १ लाखाचे कर्ज वर्षभर थकले. मार्चअखेर त्याच माणसाला १,१२,००० चे नवे कर्ज मंजूर करून जुने खाते मिटवतात. रोख एक पैसा आलेला नसतो, पण थकबाकी शून्य दिसते, १२,००० व्याज उत्पन्नात जमा होते आणि त्यातून लाभांशही वाटला जातो. दुसरा प्रकार परस्पर जामिनाचा: ‘अ’ला ‘ब’ जामीन, ‘ब’ला ‘अ’. दोघे एकदम थकले की वसुलीला जायचे कुणाकडे?

ठेवीदारांचाही एक गैरसमज आहे. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांपुरता आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या एकाच नावावरच्या ठेवी एकत्र मोजतात. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा नाही, भागभांडवलाला तर बँकेतही नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी पतपेढीत ठेवणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

वार्षिक सभेत भेटवस्तूच्या कुपनाला रांग लागते आणि ताळेबंद दोन मिनिटांत ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो. यंदा सभासदांनी निदान एवढे लेखी विचारावे: मार्च महिन्यात किती कर्जे दिली, त्यांतली किती जुन्या कर्जदारांनाच दिली, आणि वसुलीतली रोख किती?

आपला,
एक सभासद, दांडिया बाजार, बडोदा