लहान विमानतळांना ‘गगन’चा आधार मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात पावसाळी ढग खाली उतरले, की येणारे विमान उतरेल की माघारी वळेल, या काळजीत नातेवाईक विमानतळाबाहेर ताटकळतात. अशा वेळी धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन रेडिओलहरींनी दाखवणारी आयएलएस यंत्रणा मोलाची ठरते. मात्र तिचे अँटेना धावपट्टीजवळ उभारून त्यांची उड्डाण-तपासणी वेळोवेळी करावी लागते आणि हा खर्च मोजक्या फेऱ्यांच्या विमानतळाला जड जातो.

इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली, जीपीएसच्या संकेतांतील चूक दुरुस्त करणारी ‘गगन’ प्रणाली येथे उपयोगी आहे. जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या अक्षांशांवर आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) उलथापालथीमुळे त्यांच्या संकेतांत चूक शिरते. जमिनीवरील संदर्भ केंद्रे ती मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत थेट विमानाला कळवली जाते. २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढला एटीआर जातीचे एक लहान प्रवासी विमान याच आधारे उतरले. दाट धुक्यावर हा उपाय नाही, हे मान्य. तरी लातूर आणि नांदेडसाठी ‘गगन’वर आधारित उतरण्याच्या पद्धती उपलब्ध कराव्यात आणि येथे येणाऱ्या विमानांत तिचे संकेत घेणारे यंत्र असावे, असा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींनी धरावा.

मात्र उपग्रहांचे क्षीण संकेत दडपता येतात, खोटेही पाठवता येतात. म्हणून विमानाला रेडिओलहरींनी दिशा सांगणारी व्हीओआर आणि अंतर सांगणारी डीएमई ही जमिनीवरची जुनी केंद्रे मोडीत काढू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, लातूर