कांद्याचा धडा 'विषयाशी सुसंगत नाही' कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणावरचा लेख वाचला. वर्गात जागतिक दृष्टी आणण्याची एवढी चांगली संधी घरबसल्या मिळत असताना जिल्हा परिषदेचे शिक्षक उदासीन आहेत, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून दुसरीच कामं करतात आणि प्रमाणपत्र घेऊन मोकळे होतात, असा लेखकाचा आरोप आहे. लेखकाचा अभ्यास मोठा आहे, हे मान्य. पण हे सगळं लिहिण्याआधी त्यांनी एखाद्या दोनशिक्षकी शाळेत दिवसभर बसायला हवं होतं. मी चांदवड तालुक्यातल्या अशाच शाळेत शिकवते. माझ्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी एका खोलीत बसतात.

२०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात असंच एक प्रशिक्षण आम्हाला लागलं. विषय होता वर्गातलं जागतिक भान. मी ते मनापासून केलं. व्हिडिओ पूर्ण पाहिले, टिपणं काढली. शेवटी एक कृती करून तिचा अहवाल आणि फोटो अपलोड करायचे होते. सूचना अशी होती की, मुलांना दुसऱ्या देशातल्या लोकांच्या जगण्याचा विचार करायला लावणारी कृती घ्यावी. मी डिसेंबरात वर्गात घेतलेला कांद्याचा धडा पाठवला.

तो धडा काय होता, ते सांगते. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली. लाल कांद्याची आवक नुकती वाढत होती. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. त्या आठवड्यात वर्गात दुसरं काही शिकवणं शक्यच नव्हतं. मुलं सकाळी आल्या आल्या भावाचं बोलायची. कुणाच्या घरी ट्रॅक्टर भरून तसाच उभा होता. एका मुलीची आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते, तिचं काम बंद झालं होतं. एकाने विचारलं, "बाई, आपला कांदा बाहेर जातो म्हणजे कुठं जातो?" मी नकाशा खाली उतरवला. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई अशी ठिकाणं मुलांनी खडूने खुणा करून दाखवली. मग दोरा घेऊन अंतरं मोजली. नाशिकपासून ढाका हे गुवाहाटीपेक्षा जवळ आहे, हे मुलांना पटेना. त्यांनी तीन-तीनदा दोरा ताणून पाहिला. आपल्याच देशातलं गाव लांब आणि परदेश जवळ, हे त्या वयात किती मोठं आश्चर्य असतं, ते समोर बसून पाहावं लागतं.

त्यानंतर मी त्यांना २०१९ ची गोष्ट सांगितली. तेव्हाही सप्टेंबरअखेर अशीच बंदी आली होती आणि ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. तिथल्या कार्यक्रमात त्यांनी चक्क हिंदीतून सांगितलं की, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. मुलं आधी हसली. मग पाचवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्याकडं कांदा मातीमोल झाला, तेव्हा त्यांच्याकडं महाग झाला?" खळ्यावर जाणाऱ्या बाईची मुलगी म्हणाली, "मग तिथल्या आयासुद्धा चिडल्या असतील." मी गप्प राहिले, कारण मला जे शिकवायचं होतं ते मुलांनीच एकमेकांना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने ढाक्यातल्या एका मुलाला उद्देशून पत्र लिहिलं. पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची धडपड होती. शेवटच्या तासाला स्वस्त कांदा हवा असलेल्या दिल्लीतल्या ग्राहकाची बाजू कुणी मांडायची, यावरून भांडणही झालं, कारण ती बाजू घ्यायला कुणी तयार होईना. अखेर चौथीतल्या एका मुलीने ती घेतली आणि अशी नेटाने मांडली की शेतकऱ्यांची पोरं निरुत्तर झाली.

हा सगळा अहवाल, मुलांची पत्रं आणि दोरा लावलेल्या नकाशाचा फोटो मी पाठवला. उत्तर आलं : 'विषयाशी सुसंगत नाही. दिलेल्या नमुन्यात पुन्हा सादर करावे.' नमुन्यात एक देश निवडायचा होता आणि त्याचा सण, पोशाख किंवा खाद्यपदार्थ यांपैकी एकावर कृती करायची होती. मी फोन केला, मेल केला. थेट सत्रात विचारावं म्हटलं तर शेकडो शिक्षक जोडलेले, सगळ्यांचे माइक बंद. चॅटमध्ये 'नमस्कार सर, जि. प. शाळा अमुक, उपस्थित' अशा ओळींचा इतका पूर की माझा प्रश्न दोन सेकंदांत वर वाहून गेला. दोन दिवसांनी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रशिक्षण अपूर्ण' अशी यादी लाल अक्षरांत पडली. त्यात माझं नाव होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कामचुकार म्हणून माझं नाव कधी कुठे लागलं नव्हतं.

शेवटी मुलांकडून घोटीव कागदाचे जपानी पंखे करून घेतले, मागे प्रशिक्षणाचा फलक धरून फोटो काढला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आलं. पंखे करायला मुलांना आवडले आणि जपानबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या पंख्यांतून मुलांना जपानमधल्या एका तरी माणसाचं सुखदुःख कळलं का, हा प्रश्न प्रमाणपत्र देणाऱ्यांनी विचारला नाही आणि आपल्या लेखकानेही विचारलेला नाही.

माझा विरोध प्रशिक्षणाला नाही, हे ठळकपणे नोंदवते. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे आणि जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचाही उल्लेख केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत ४.७ क्रमांकाचं लक्ष्य त्याचबद्दल आहे. हे सगळं मला पटतं. निष्ठा हा केंद्र सरकारचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये समोरासमोरच्या प्रशिक्षणाने सुरू झाला आणि कोरोनाच्या काळात दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर ऑनलाइन आला, तेव्हा घरी अडकलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा उपयोगही झाला. ऑनलाइनमुळे चांदवडच्या शिक्षिकेला दिल्ली-पुण्याच्या तज्ज्ञाचं बोलणं ऐकता येतं, हे काही कमी नाही. पण आम्ही काय म्हणतो, ते त्या तज्ज्ञांना ऐकू येण्याची सोय कुठे आहे? आमचे अहवाल वाचायला माणूस बसवायला पैसा लागेल, तो खर्च करावा. आणि हे प्रशिक्षण शाळेच्या वेळेत ठेवू नये. एक शिक्षक स्क्रीनसमोर बसला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग येतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांना ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

लेखात सोलापूर जिल्ह्यातले जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं उदाहरण देऊन बाकीच्या शिक्षकांना हिणवलं आहे, त्याचं फार वाईट वाटलं. डिसले गुरुजींचा आम्हाला अभिमान आहे. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी आपल्या मुलांची गाठ वैर असलेल्या देशांतल्या मुलांशी घालून दिली, म्हणजे माणसाला माणूस भेटवला. परितेवाडीच्या शाळेत त्यांनी जे केलं, ते समोरच्या मुलांकडे बघून केलं, कुणाच्या नमुन्यात बसवायला नव्हे. माझ्या मुलांनी लिहिलेली पत्रं ढाक्याच्या एखाद्या शाळेपर्यंत पोहोचवा, एवढंच मी त्या अहवालात शेवटी मागितलं होतं. हे काम ऑनलाइन प्रशिक्षण चालवणाऱ्यांना सहज जमण्यासारखं होतं. पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत. लिहिणारी मुलं हायस्कूलला गेली आणि भेटली की विचारतात, "बाई, उत्तर आलं का?"

आता पत्र लिहितेच आहे, तर आपल्या वृत्तपत्राबद्दलही एक तक्रार नोंदवते. आपली मुलांची पुरवणी नाशिक शहरातल्या अंकासोबत येते, आमच्या तालुक्यात मात्र येत नाही. नाशिकला राहणारी माझी बहीण ती माझ्यासाठी आठवणीने ठेवते, आणि सुटीत गेले की मी गठ्ठा घेऊन येते. त्यातलं देशोदेशीच्या बातम्यांचं पान मुलं अक्षरशः भांडून वाचतात, मग बातमी महिन्याभराची शिळी का असेना. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणतो, वरूनच येत नाही. अंक तेवढ्याच किमतीचा, मग पुरवणी शहरातल्याच मुलांना का? खेड्यातल्या शिक्षकांच्या जागतिक भानावर आपण लेख छापता, तर खेड्यातल्या मुलांच्या हातात ते पान पडेल एवढी व्यवस्थाही कृपया करावी. पुरवणी पोस्टाने मिळण्याची सोय असेल तर वर्गणी किती आणि कुठे भरायची, ते कळवावे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. चांदवड, जि. नाशिक